जीर्णोद्धार कोणाच्या हाती? : जुन्या मोटारीच्या निमित्ताने

जुन्नर या नावाची एक व्युत्पत्ती ‘जीर्णनगर’ अशी सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या गावाला ती शोभून दिसते यात शंका नाही. जुनेपण ज्याच्या नावातच मुरले आहे अशा प्रदेशात राहणाऱ्यांना जुन्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न वारंवार पडत असतो. वाडा पाडावा की सावरावा, पोथी वाळवीच्या हवाली करावी की तिला पाठकागद लावावा, देवळाच्या दगडाला रंग द्यावा की नाही, असे हे प्रश्न. या मालिकेत अलीकडे एका वेगळ्याच वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे जुनी मोटार. ती ‘एमजी’ किंवा ‘ट्रायम्फ’सारखी दोन आसनी स्पोर्ट्स कार असेल, नाहीतर गोठ्यालगतच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आजोबांची जीप. मोल वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच : ही वस्तू पूर्ववत करण्यासाठी कोणाच्या हाती द्यावी?

साहित्याच्या अध्यापकांनी गॅरेजच्या दारात कशाला उभे राहावे, अशी शंका वाचकांस येईल. आमचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात यंत्राचा नाही, विश्वासाचा आहे. आणि जुनी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविताना कोणता विश्वास ठेवायचा, याचा विचार आपल्या संहिता-परंपरेने फार पूर्वीपासून केलेला आहे. पाठभेद, प्रक्षेप, मूळ पाठ, शुद्धीकरण हे शब्द आपण वर्गात वापरतो. ते पत्र्यालाही लागू पडतात का, हे तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दांचा विचार करू. मराठीत या व्यवहारासाठी निदान चार शब्द आहेत. बिघडलेले चालू करणे ही दुरुस्ती. आणखी बिघडू नये म्हणून वरवर केलेली सोय ती डागडुजी. जुने काढून नवे बसविणे हे नूतनीकरण. आणि जीर्ण झालेल्याचा, तो जो आहे तोच राहू देऊन, उद्धार करणे म्हणजे जीर्णोद्धार. व्यवहारात या चारही शब्दांची सरमिसळ होते आणि बहुतेक फसवणूक त्या सरमिसळीतच जन्माला येते. मालकाच्या मनात जीर्णोद्धार असतो, कारागीर नूतनीकरण करतो आणि पावतीवर दुरुस्ती असे लिहिलेले असते. कोणत्याही कारखान्याची निवड करण्यापूर्वी आपल्याला या चारांपैकी नेमके काय हवे आहे, हे ठरविणे ही पहिली पायरी होय.

आमच्या भागात या निवडीची दोन टोके एकाच दिवसात पाहता येतात. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते. आज प्रतिमा नाहीत. पावलांच्या खुणा आणि वरची नावे एवढेच उरले आहे. नागनिकेच्या प्रसिद्ध शिलालेखाचे अनेक शब्दही झिजून गेले आहेत. परंतु त्या रिकाम्या जागेत आपल्या कल्पनेने नवा सातकर्णी कोरून बसवावा, असे कोणाही जाणत्या माणसाने सुचविलेले नाही. तेथील पोकळी हाच पुरावा आहे. ती भरली तर सातवाहनांचा इतिहास एका अक्षरानेही वाढणार नाही. उलट उरलेल्या पावलांवरचा विश्वास मात्र उडेल.

दुसरे टोक भीमाशंकरचे. देऊळ खेड तालुक्यातले असले तरी मंचर-घोडेगावमार्गे, म्हणजे आंबेगाव तालुक्यातून, तेथे जाण्याचा प्रघात मोठा आहे. या देवळाच्या शिखराचे काम नाना फडणीसांनी केल्याचे सांगितले जाते. १७३९च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटाही येथे आहे. म्हणजे जुन्या अधिष्ठानावर अठराव्या शतकाने आपली भर घातली आणि त्या भरीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कारण देऊळ नांदते आहे. नांदत्या वास्तूत प्रत्येक पिढी आपला हात लावते आणि ते हात हाच त्या वास्तूचा इतिहास होतो. मात्र येथेही एक अट पाळली गेलेली दिसते. शिखर पेशवाईतले आहे हे लपविलेले नाही, आणि घंटा परकी आहे हे तिच्याकडे पाहताच कळते.

जुनी मोटार या दोहोंपैकी कशात बसते? ती नाणेघाटाप्रमाणे केवळ पुरावा आहे की भीमाशंकराप्रमाणे नांदती वस्तू? अडचण अशी की ती दोन्ही आहे. ती चालली नाही तर ती मोटारच नव्हे, आणि चालविण्यासाठी तिचे भाग बदलावेच लागतात. टायर, पट्टे, ब्रेकचे अस्तर, रबरी नळ्या या झिजण्यासाठीच बनविलेल्या वस्तू होत. त्या मूळच्याच ठेवण्याचा हट्ट धरणे म्हणजे जिवाशी खेळ. पण त्याच न्यायाने सांगाडा, इंजिन आणि पत्राही बदलत गेलो तर अखेरीस हाती उरते ते काय?

या प्रश्नावर १९९० साली लंडनच्या न्यायालयात प्रत्यक्ष खटला चालला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटले मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक मरण पावला आणि मोटारीची पुन्हा बांधणी झाली. तिच्यात इंजिन बदलले, सांगाडा बदलला, वरचा साजही बदलला. अनेक दशकांनंतर एक कोटी पौंडांच्या आसपास तिचा सौदा ठरला, तेव्हा ही ती मोटारच नव्हे असे म्हणून ग्राहकाने माघार घेतली. १९२९च्या मोटारीतले फारच थोडे भाग तिच्यात शिल्लक होते, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. या मोटारीचे अस्तित्व कधी खंडित झाले नव्हते. ती कधी विस्कटून नाहीशी होऊन पुन्हा जन्मलेली नव्हती. प्रत्येक बदल त्या त्या काळी, तिच्या चालत्या आयुष्यात झाला होता आणि त्याची नोंद उपलब्ध होती. ग्रीकांच्या थीसियसच्या जहाजाचे कोडे येथे न्यायासनासमोर आले आणि उत्तर लाकडा-लोखंडात न सापडता सलग इतिहासात सापडले.

या निकालातून आमच्या विषयासाठी एक कसोटी मिळते. भाग बदलल्याने वस्तू खोटी ठरत नाही. बदल लपविल्याने ती खोटी ठरते. म्हणून विश्वासार्ह कारखाना म्हणजे काहीही न बदलणारा कारखाना नव्हे; जे बदलले ते लिहून ठेवणारा कारखाना होय.

युरोपात हा वाद इमारतींच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकातच रंगला होता. फ्रान्समधील व्हियोले-ल-द्यूक हा वास्तुविशारद, इमारत कधीकाळी जशी असायला हवी होती तशी ती पूर्ण करावी, या मताचा. इंग्लंडमधील जॉन रस्किनला हे मुळीच मान्य नव्हते. त्याच्या लेखी असा जीर्णोद्धार हा विध्वंसाचाच एक प्रकार होता. रस्किनच्या विचाराने भारलेल्या विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. १९६४च्या व्हेनिस सनदेने या वादातून दोन सूत्रे काढली : जेथे तर्काला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा भाग जुन्याशी एकरूप दिसला तरी जाणत्याला तो वेगळा ओळखता आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ साली स्वीकारलेली तुरीनची सनद हीच भूमिका मोटारींना लावते. जतन, मग मर्यादित दुरुस्ती आणि अगदी निरुपाय झाला तरच जीर्णोद्धार, असा तिचा कल आहे.

पण सनद वाचून कारागिराची पारख होत नाही. मोठे नाव पाहूनही ती होत नाही, याचा दाखला महाराष्ट्राच्या मातीतच आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्यांच्या संरक्षणासाठी निजामाच्या सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने सुटणारा गिलावा पक्का केला. हे काम मोलाचे होते. त्यावाचून कदाचित बरेच काही गळून पडले असते. मात्र चित्रांवर लाखेचे रोगण चढविले गेले. ते काळाबरोबर पिवळे, मग तपकिरी झाले, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळून गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक वर्षे तो थर काढण्यात घालवावी लागली. चेक्कोनी अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. त्या काळच्या उत्तम ज्ञानानुसार त्यांनी काम केले. म्हणूनच हा दाखला अधिक बोलका आहे. प्रामाणिक आणि नामांकित हातही चुकू शकतो. तेव्हा त्याने जे केले ते परत फिरविता येईल का, हा प्रश्न त्याच्या कीर्तीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. मोटारीच्या बाबतीतही तेच. फिरकीच्या स्क्रूने बसविलेला नवा भाग उद्या काढता येतो. मूळ सांगाडा कापून तेथे वेल्डिंग केले तर तो कायमचा गेला.

आता आपल्या परंपरेकडे वळू. आळ्याच्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात असल्याने ज्ञानदेवांची कथा आमच्याकडे घरोघरी ठाऊक असते. पण ज्ञानेश्वरीच्या जीर्णोद्धाराची कथा तितकी सांगितली जात नाही. ज्ञानदेवांनंतर सुमारे तीन शतकांत नकलाकारांच्या हातून ग्रंथात अनेक अपपाठ शिरले होते. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४च्या सुमारास, एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. मोडक्या ओवीच्या जागी नवी ओवी रचणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. तरीही या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा त्यांनी शेवटी देऊन ठेवला. ज्याला भर घालण्याचे सामर्थ्य आहे तोच भर घालीत नाही, ही संयमाची कसोटी आम्हांस कोणत्याही कारागिराला लावावीशी वाटते. ‘ही गाडी मी मूळच्यापेक्षा भारी करून देतो’ असे सांगणारा मिस्त्री कदाचित फार कुशल असेल. पण तो एकनाथांच्या पंथातला नव्हे.

एकनाथांनी कोणती ओवी कोणत्या प्रतीतून घेतली, याची नोंद मात्र आपल्यापर्यंत आलेली नाही. ती शिस्त आधुनिक काळात आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी त्याची पद्धत घालून दिली. मुख्य संहिता वर, सर्व पाठभेद खाली, आणि जेथे संपादकाची स्वतःची खात्री नाही त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. त्या रेघेचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देणे अवघड जाते, कारण ती अपयशाची कबुली वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळेच बाकीच्या, रेघ नसलेल्या मजकुरावर विश्वास ठेवता येतो. आमच्या मते मोटारीच्या कारखान्यात जाऊन विचारण्याजोगा सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे : तुमच्या कामात नागमोडी रेघ कोठे असते?

हा प्रश्न गॅरेजच्या भाषेत आणायचा तर त्याआधी येथील मोटार-कारागिरीचा इतिहास थोडा ध्यानात घ्यावा लागतो. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके आपल्याकडे परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने होती आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. मोटार टिकवायची तर भाग येथेच घडविणे भाग होते. मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघत राहिल्या. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. या दीर्घ टंचाईने लेथवर काहीही घडवू शकणारे, हातोडी आणि ठोकळ्यावर पत्र्याला गोलाई देणारे उस्ताद तयार केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले शागीर्द आजही मुंबई-पुण्यात काम करीत आहेत. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक दरबारी मोटारी बाहेर विकल्या गेल्या, तेव्हा त्या याच हातांनी जगविल्या.

पण याच टंचाईचे दुसरे अपत्य म्हणजे जुगाड. मूळ कार्ब्युरेटर मिळाला नाही की दुसऱ्या गाडीचा बसवायचा, ब्रिटिश इंजिन थकले की डिझेलचे टाकायचे. गाडी चालती राहिली, पण संहितेत प्रक्षेप झाला. हे करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. नकलाकारानेही वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी आपल्याला समजलेला शब्द घातला, तो ग्रंथ पुढे जावा म्हणूनच. मात्र आज निवड करताना एवढे पाहावे लागते की आपल्यासमोरचा कारागीर नकलाकार आहे की संपादक. नकलाकाराला गाडी चालू करायची असते. संपादकाला, ती मुळात काय होती, हे आधी जाणून घ्यायचे असते.

ती मुळात काय होती, हे कळण्याची साधने आहेत. अनेक जुन्या कारखान्यांच्या उत्पादन-नोंदवह्या शिल्लक आहेत. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांच्यासाठी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम, तर जॅग्वारसाठी जॅग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्ट ठरावीक शुल्क घेऊन प्रमाणपत्र देतात. त्यावर चेसिस क्रमांक, मूळ इंजिन क्रमांक, मूळ रंग, बांधणीची तारीख अशी माहिती असते. ही आपल्या वस्तूची आद्य प्रत होय. गाडी कारखान्यात नेण्याआधी ती हाती असावी. जो कारागीर ती मागून घेतो, तिच्यावरचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहतो, त्याच्याकडे पहिला गुण जमा धरावा. जो ‘कागदांचे राहू द्या, रंग कोणता हवा सांगा’ असे म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

दुसरी कसोटी पूर्ण झालेल्या गाड्यांची नव्हे, अर्धवट गाड्यांची. चकचकीत रंगाखाली काय आहे हे कोणालाच दिसत नाही. कारखान्यात गेल्यावर रंगाच्या आधीच्या अवस्थेतली गाडी दाखविण्यास सांगावे. गंजलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा जोडला आहे, की खड्ड्यात लांबी भरून वरून घासले आहे, हे तेथे उघड दिसते. पोलादी पत्र्यावर जाड लांबी असेल तर लोहचुंबक नीट चिकटत नाही. हा जुना उपाय साधा असला तरी चालतो. फक्त काही मोटारींचे पत्रे मुळातच ॲल्युमिनियमचे असतात, तेथे तो लागू होत नाही. जुन्या एमजीच्या ‘टी’ मालिकेतील गाड्यांना पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाच्या प्रदेशात हे लाकूड आतून कुजते आणि बाहेरून काही कळत नाही. अशा गाडीसाठी त्या कारखान्याकडे सुतार आहे का, हा प्रश्न इंजिनाच्या मिस्त्रीइतकाच महत्त्वाचा.

तिसरी कसोटी काम नक्की कोण करते याची. एकाच छपराखाली पत्रा, इंजिन, वायरिंग, क्रोमचा मुलामा आणि शिलाई ही सर्व कामे क्वचितच होतात. बरीच बाहेर पाठविली जातात. त्यात गैर काही नाही. महाभारताचे सर्व पर्वही एकाच संपादकाने केलेले नाहीत. पण कोणते पर्व कोणी केले हे तेथे छापलेले आहे. कारखान्याने तेवढे सांगावे.

चौथी कसोटी काढलेल्या भागांची. बदललेला प्रत्येक जुना भाग, तो कितीही निरुपयोगी दिसो, चिठ्ठी लावून मालकाला परत मिळाला पाहिजे. तो पाठभेद आहे. उद्या अधिक चांगला कारागीर भेटला, किंवा आजचा निर्णय चुकीचा ठरला, तर परतीची वाट त्या गंजक्या तुकड्यातूनच जाते. शिवाय काम सुरू होण्याआधी, सुटे करताना आणि जोडताना काढलेली छायाचित्रे व तारखांची वही हवी. ज्या जागी नमुना सापडला नाही आणि अंदाजाने भाग घडविला, त्या जागेची वहीत स्पष्ट नोंद हवी. हीच ती नागमोडी रेघ.

पाचवी गोष्ट कराराची. सोपविलेल्या वस्तूचा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने फार प्राचीन काळी हाताळला आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ‘निक्षेप’ हे एक पद आहे, आणि नारदस्मृतीने कारागिराकडे दिलेल्या वस्तूलाही तोच न्याय लावला आहे. आजचा आधार १८७२च्या भारतीय करार कायद्याचा. त्याच्या कलम १५१प्रमाणे, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे. उलट कलम १७०प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, श्रम वा कौशल्य खर्ची घातलेल्या कारागिराला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा अधिकार आहे. बहुतेक मालकांना यांतले पहिले कलम ठाऊक असते, दुसरे नसते. सुटी केलेली गाडी, संपलेले पैसे आणि अडलेले बोलणे या अवस्थेत कित्येक मोटारी वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यावर उपाय एकच : सगळी रक्कम आगाऊ न देता टप्प्याटप्प्याने द्यावी, प्रत्येक टप्प्यात काय पूर्ण व्हायचे ते लिहावे, अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी विचारण्याची अट घालावी आणि काम मध्येच थांबले तर गाडी व सर्व भाग कसे परत मिळतील हेही लिहावे. चांगल्या कारागिराला अशा कराराचा राग येत नाही, कारण तो त्याचेही रक्षण करतो.

हे सारे काटेकोरपण केवळ हौसेपोटी आहे असे कोणाला वाटू नये. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली क्रमांकपाटी मिळते. या नियमांनी नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठेवले. परंतु त्यातली मुख्य अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चेसिस, बॉडी शेल वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या प्रक्षेपाला आपण इतके दिवस सोय म्हणत होतो, तो आता कायद्याच्या दृष्टीने वस्तूची ओळखच पुसून टाकू शकतो. चुकीच्या हाती गेलेली गाडी परत मिळेल, चालेल, चमकेलही. पण ती ‘ती’ राहणार नाही. या नियमात दुचाकीही असल्याने प्रश्न श्रीमंतांच्या स्पोर्ट्स कारपुरता उरत नाही. एखाद्या शेतकरी कुटुंबातील १९७०च्या आसपासची जावा मोटारसायकलही त्यात येते.

शिवाय आमच्या प्रदेशाच्या स्मृतीत मोटार ही कधीच निव्वळ चैनीची वस्तू नव्हती. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मोटारट्रकसमोर आडवा झाला आणि त्या चाकांखाली हुतात्मा झाला. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे. आणि त्याच जलाशयाखाली जुने आंबेगाव बुडालेले आहे. यंत्र आणि माणूस, स्मरण आणि विसर्जन यांची इतकी घट्ट गाठ ज्या भागात पडलेली आहे, तेथे यंत्रालाही साक्षीदार मानावे लागते. आणि साक्षीदाराची साक्ष सुधारून घेतली की ती साक्ष राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. इतक्या कसोट्या लावल्या तर कारागीरच उरणार नाही. गरीब उस्तादाला वही, छायाचित्रे आणि करार कसे जमावेत? आक्षेप खरा आहे. लिहिता न येणाऱ्या पण पत्र्याची नाडी ओळखणाऱ्या हातांना या कागदी शिस्तीने बाहेर ढकलले, तर तीही एक हानीच होईल. म्हणून नोंदीचा काही भार मालकाने स्वतः उचलावा. आठवड्यातून एकदा जाऊन वही आपण लिहावी, छायाचित्रे आपण काढावीत, चिठ्ठ्या आपण लावाव्यात. आंबेगाव-जुन्नरची मुले आयटीआय करून चाकणच्या कारखान्यांत नव्या मोटारी जोडावयास जातात. त्यांच्यापैकी कोणाला एखाद्या उस्तादाच्या शेजारी बसून असे टिपण करता आले, तर गाडीबरोबर ती विद्याही वाचेल. कारण जोडणीचे कसब यंत्रशाळेत शिकविले जाते. न जोडण्याचा, हात आवरण्याचा विवेक मात्र अजून तरी माणसाकडूनच माणसाला मिळतो.

तेव्हा विश्वासू कारखाना कोणता, या प्रश्नाला पत्त्याच्या रूपात उत्तर देता येत नाही. जो गाडी पाहण्याआधी किंमत सांगत नाही, गाडी पाहिल्यावर प्रथम तिचे क्रमांक वाचतो, काय ठेवता येईल हे आधी आणि काय बदलावे लागेल हे नंतर सांगतो, आणि एखाद्या ठिकाणी ‘येथे मूळ काय होते ते मला ठाऊक नाही’ असे म्हणण्यास कचरत नाही, त्याच्या स्वाधीन किल्ली करावी. आपल्या संपादकांनी ग्रंथांच्या बाबतीत हेच केले, म्हणून आज ते ग्रंथ आपण विश्वासाने शिकवू शकतो.